बचावफळीतल्या मुलींची नोंद कोण ठेवणार?

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या क्रीडापानावर महाविद्यालयीन मुलींच्या फुटबॉलच्या बातम्या अलीकडे अधूनमधून येऊ लागल्या आहेत, याबद्दल प्रथम आपले मनापासून आभार मानते. मात्र या बातम्यांत एक उणीव सातत्याने जाणवते आणि तिच्याकडे आपले, तसेच बडोद्यातील महाविद्यालयांच्या जिमखान्यांचे लक्ष वेधावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. कोणत्या संघाने कोणाला दोन-शून्य असे हरवले आणि गोल कोणी केले, हे बातमीत असते. ते शून्य ज्यांनी सामनाभर राखले, त्या बचावफळीतल्या चौघींची नावे कुठेच नसतात. बातमीत नसतात आणि महाविद्यालयाच्या दप्तरातही नसतात, त्यामुळे तीन-चार वर्षे इमानाने खेळलेल्या मुलीची कारकीर्द पदवीबरोबर संपते आणि ती होती याचा पुरावाही मागे राहत नाही.

हे अन्यत्र असे नाही. नाओमी गर्मा या अमेरिकन बचावपटूचे उदाहरण घ्यावे. इथिओपियातून स्थलांतरित झालेल्या आईवडिलांची ही मुलगी कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे वाढली आणि २०१८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात दाखल झाली. २०१९ साली स्टॅनफर्डने राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेतेपद मिळवले, तो नॉर्थ कॅरोलायनाविरुद्धचा अंतिम सामना जादा वेळ धरून ११० मिनिटे चालला, त्यात एकही गोल झाला नाही आणि निकाल पेनल्टींवर लागला. पुढच्याच वर्षी गुडघ्याचा अस्थिबंध फाटल्यामुळे तिचा एक संपूर्ण मोसम बुडाला. तरीही अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये २०२२ च्या मोसमासाठी नव्या खेळाडूंची निवड झाली, तेव्हा सॅन डिएगोच्या संघाने सर्वांत पहिली निवड तिची केली. २०२३ सालची अमेरिकेची सर्वोत्तम महिला फुटबॉलपटू म्हणून तिचा गौरव झाला. हा मान मिळवणारी ती पहिली बचावपटू, आणि तो मिळाला तेव्हा राष्ट्रीय संघाकडून तिच्या नावावर एकही गोल नव्हता. जानेवारी २०२५ मध्ये इंग्लंडच्या चेल्सी क्लबने तिच्यासाठी सुमारे ११ लाख डॉलर मोजले. महिला फुटबॉलमधील तो त्या वेळचा विक्रम होता.

गर्माचे गुण असामान्य आहेत, हे उघड आहे. तरी गोल न करणाऱ्या मुलीची पारख करायला निवड करणाऱ्यांच्या हाती काहीतरी असावे लागते, आणि ते तिथे असते. अमेरिकेत शिक्षणसंस्थांमध्ये मुलामुलींत भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा १९७२ साली झाला, १९८२ पासून मुलींची राष्ट्रीय महाविद्यालयीन फुटबॉल स्पर्धा सुरू झाली, आणि आज तिथल्या अगदी लहान गावातल्या महाविद्यालयातही प्रत्येक खेळाडूची वर्षवार नोंद ठेवलेली असते. किती सामने खेळली, त्यांपैकी किती सामन्यांत सुरुवातीपासून मैदानात होती, किती मिनिटे खेळली. एखाद्या डिफेन्डरच्या नोंदीत गोलांच्या रकान्यात चारही वर्षे शून्य असते, पण शेजारचे रकाने भरलेले असतात आणि जाणत्याला तेवढ्यावरून पुष्कळ कळते. दुखापतीमुळे एखादे वर्ष कोरे गेले असेल, तर तेही दिसते.

माझी भाची येथे महाविद्यालयाकडून स्टॉपर, म्हणजे बचावफळीच्या मधली खेळाडू, म्हणून खेळली. एका आंतरमहाविद्यालयीन सामन्यातला प्रसंग मी कडेला उभी राहून पाहिला आहे. समोरच्या संघाच्या वेगवान फॉरवर्डला मध्यरेषेजवळ मोकळा पास मिळाला आणि तिच्यासमोर भाची एकटीच उरली. ती टॅकल करायला, म्हणजे पायातला चेंडू हिसकावायला, झेपावली नाही. अंग तिरके ठेवून, दोन हातांचे अंतर राखून ती मागे सरकत राहिली. फॉरवर्डला आत वळू द्यायचे नाही आणि कडेच्या रेषेकडे ढकलत न्यायचे, एवढेच ती करत होती. तेवढ्या वेळात राइट बॅक, म्हणजे उजवीकडची बचावपटू, धापा टाकत परत आली, फॉरवर्डने कडेवरून गोलसमोर घाईने मारलेला चेंडू भाचीच्या पोटरीला लागून बाहेर गेला, आणि मिळालेल्या कॉर्नरवर गोलकीपरने चेंडू सहज पकडला. कोणी टाळी वाजवली नाही, कारण पाहणाऱ्यांच्या दृष्टीने काहीच घडले नव्हते. सामना तिच्या संघाने एका गोलाने जिंकला. पुढे खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीसाठी अर्ज केल्यावर मुलाखतीत तिला पहिला प्रश्न विचारला गेला, तो किती गोल केले हा. तिच्याजवळ दाखवायला 'सहभाग' असे छापलेली प्रमाणपत्रे होती. त्यांवर ती कोणत्या जागेवर खेळली हे नव्हते, आणि एकदाही मैदानात न उतरलेल्या राखीव खेळाडूलाही तसेच प्रमाणपत्र मिळाले होते.

बचावाचा खेळ एकटीचा नसतो, हेही येथे सांगितले पाहिजे. समोरची फॉरवर्ड ऑफसाइड व्हावी, म्हणजे पास मिळताना बचावफळीच्या मागे सापडून नियमबाह्य ठरावी, यासाठी चौघींनी एकाच क्षणी पुढे सरकावे लागते. एक जरी मागे रेंगाळली तरी समोरची फॉरवर्ड नियमात राहते आणि सरळ गोलसमोर जाते. कोणी चेंडूवर जायचे आणि कोणी मागची जागा भरायची, हे हाक मारण्याआधीच कळावे लागते, आणि ते त्याच मैत्रिणींबरोबर भरपूर सामने खेळल्याशिवाय येत नाही. आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बहुधा बाद पद्धतीच्या आणि चार दिवसांत आटोपणाऱ्या असतात; हरलेल्या संघाचे वर्ष तिथेच संपते. साखळी पद्धतीने सामने झाल्यास सर्वाधिक लाभ बचावफळीचा होईल, असे माझे मत आहे. परंतु तो खर्चाचा आणि वेळापत्रकाचा विषय असल्याने त्याचा येथे विस्तार करत नाही.

आपल्या देशातही गोलाबाहेरची मोजदाद होऊ शकते, हे ऑक्टोबर २०२४ मध्ये काठमांडू येथे दिसले. दक्षिण आशियाई देशांच्या सॅफ स्पर्धेत भारताने पाकिस्तानला ५-२ असे हरवले, त्या एकाच सामन्यात बाला देवीने आपला ५० वा आंतरराष्ट्रीय गोल केला आणि बचावपटू आशालता देवी १०० आंतरराष्ट्रीय सामने खेळणारी पहिली भारतीय महिला ठरली. दोन्ही विक्रमांची बातमी झाली, कारण दोन्ही कोणीतरी मोजले होते. पुढे ५ जुलै २०२५ रोजी च्यांग माई येथे थायलंडला २-१ असे नमवून भारताने आशियाई चषकासाठी पात्रता मिळवली. संगीता बासफोरचे दोन्ही गोल सर्वांच्या लक्षात आहेत आणि ते तसे राहायलाच हवेत. परंतु ७४ व्या मिनिटाच्या दुसऱ्या गोलानंतर यजमानांना शेवटपर्यंत बरोबरी साधू न देणे हे काम बचावाचे होते, आणि त्या संघाचे नेतृत्व करणारी स्वीटी देवी स्वतः बचावपटू आहे, हे किती जणांना ठाऊक असेल?

बडोद्याने या बाबतीत मागे राहावे, याचे मला विशेष वाईट वाटते. याच शहरात जुम्मादादा व्यायाम मंदिराने आणि प्रोफेसर माणिकरावांनी व्यायामाला शास्त्राची शिस्त लावली. याच शहरात दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा मराठी खंड सिद्ध केले, ज्यांत डाव, पवित्रे आणि साधने बारकाईने नोंदलेली आहेत. सयाजीरावांच्या काळात संस्थानच्या कारभाराचे वार्षिक अहवाल छापून निघत. ज्या गावाला टिपून ठेवण्याची एवढी सवय, त्या गावातल्या मुलींचा खेळ अलिखित राहू नये.

माझी मागणी खर्चिक नाही. प्रत्येक सामन्यापूर्वी दोन्ही संघांची खेळाडूंच्या नावांची यादी पंचांकडे द्यावीच लागते. बदली खेळाडू कितव्या मिनिटाला आली, हेही टिपले जाते. हा कागद स्पर्धा संपल्यावर कुठल्यातरी फायलीत जातो. त्याऐवजी प्रत्येक जिमखान्याने एक नोंदवही ठेवून त्या कागदावरून खेळाडूचे नाव, जागा आणि मिनिटे तीत उतरवावीत, आणि पदवीच्या वेळी प्रमाणपत्राबरोबर त्या नोंदीचा उतारा सहीशिक्क्यानिशी द्यावा. याचा दुसराही उपयोग आहे. गुडघ्याच्या अस्थिबंधाच्या दुखापती मुलींमध्ये मुलांपेक्षा अधिक होतात, आणि मुलगी लागोपाठ किती खेळली हे लिहिलेले असले, तर तिला विश्रांती कधी द्यायची हे प्रशिक्षकाला वेळेवर ठरवता येते. आज अशी मुलगी जखमी होऊन खेळ सोडते, तेव्हा तिचे नाव पुढच्या यादीतून गळते, इतकेच.

आपल्या दैनिकाला विनंती एवढीच की, मुलींच्या सामन्याच्या बातमीखाली दोन्ही संघांच्या अकरा-अकरा खेळाडूंची नावे बारीक टाइपात का होईना, पण जागेसह छापावीत, आणि संघाने गोल होऊ दिला नसेल तर गोलकीपरसह बचावफळीचा उल्लेख बातमीतच करावा. आपल्या वार्ताहराला प्रत्येक मैदानावर पोचणे शक्य नसते, याची कल्पना आहे. म्हणून मी आणि पूर्वी महाविद्यालयाकडून खेळलेल्या काही जणी येत्या मोसमात आळीपाळीने सामन्यांना हजर राहून दोन्ही संघांची यादी आणि बदली खेळाडूंची मिनिटे त्याच संध्याकाळी आपल्या कार्यालयात पोचवायला तयार आहोत. कोणत्या वेळेपर्यंत मजकूर हवा, तेवढे कळवावे.

आपली,
एक वाचक,
दांडिया बाजार, बडोदा