बिनशाईची पुडी

आदरणीय काका,
स. न. वि. वि.

बाबांचा टॉम, म्हणजे ड्रमसेटमधला मधल्या आकाराचा ड्रम, पुन्हा वाजायला लागला, हे फोनवर सांगितलंच. पण तुम्ही जे केलंत ते पुण्यातल्या इतर वाजवणाऱ्यांनाही कळावं, म्हणून हे उघड पत्र.

बाबांचा ऑर्केस्ट्रा बंद पडला तेव्हा ड्रमसेट विकला गेला, घरात राहिला तो हा एवढाच. विलायती प्रीमियर कंपनीचा, साठच्या दशकातला. त्या काळातले प्रीमियरचे टॉम अमेरिकन मापापेक्षा किंचित मोठे असत, त्यामुळे आजचं १२ इंची प्लास्टिकचं पान, म्हणजे ज्यावर वाजवतात तो ताणलेला पडदा, त्यावर काही केल्या बसत नाही. एका दुकानात उपाय सुचवला: वरचं मोतिया आवरण सोलू, लाकूड घासून मापात आणू, वर नवा रंग मारू. म्हणजे टोपी बसत नाही म्हणून डोकं तासायचं!

तुमच्याकडे मी खरं तर तबल्याच्या जोडीतल्या डग्ग्याची पुडी, म्हणजे मधोमध काळी शाई असलेलं कातडी पान, बदलायला आलो होतो. टॉमची कहाणी ऐकून तुम्ही म्हणालात, "घेऊन या. बिनशाईची पुडीच की ती."

१९५७ च्या सुमारास प्लास्टिकची पानं बाजारात येईपर्यंत ड्रमवर वासराचं कातडं असे. तुम्ही बकऱ्याचं निवडलंत. उजेडासमोर धरून, चिमटीत फिरवून, जाड-पातळ चाचपत. कण्याची रेघ बरोबर मधून जाईल असं बेतलंत. दोऱ्याने घेर मोजून वेताची कडी वाकवली, टोकं तिरकी तासून सांधली. भिजवलेलं कातडं कडीवर घेऊन त्याची कड चमच्याच्या दांड्याने आत खोचताना तुमचं बोलणं थांबलं, मग मीही गप्प बसलो. ओलं असतानाच टॉमवर चढवून, हलका ताण देऊन सावलीत वाळत ठेवलंत. पंखासुद्धा लावू दिला नाहीत.

वाळल्यावर विचारलंत, "कुठल्या पट्टीत लावू?" मला हसू आलं. तबल्याचा सुरेलपणा शाईमुळे येतो हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं होतं; टॉमला कुठली शाई आणि कुठली पट्टी! पण तुम्ही प्रत्येक स्क्रूपाशी टिचकी मारत, चावी जराजरा फिरवत सगळीकडे एकच आवाज आणलात. तबल्याच्या कडेची सोळा घरं सुरात जुळवणाऱ्या हाताला हे मोजके स्क्रू ते काय! आवाज जाडसर, ऊबदार, पटकन विरणारा. माझ्या मते प्लास्टिकला तो जमत नाही, आमच्या ग्रुपमधल्या पोरांचं मत वेगळं असलं तरी.

सगळ्यात मोठे आभार मात्र दुसऱ्याच गोष्टीचे. पान चढवण्याआधी त्याच्या आतल्या बाजूला, कडेशी, तुम्ही पेन्सिलीने ‘पुणे, बकरी’ असं लिहिलंत. म्हणालात, "उद्या कुणी हा विकायला काढला, तर मूळचं पान म्हणून खपवायला नको." जुन्या ड्रमच्या बाजारात नवे भाग जुने म्हणून गळ्यात मारणारे कमी नाहीत. तिथे स्वतःच्या कामावर स्वतःहून ‘हे नंतरचं’ असा शिक्का मारणारा माणूस मला तुमच्याच दुकानात भेटला.

पावसाळी हवेत पान सैलावतं, त्यामुळे चावी खिशातच असते. टॉमची खालची बाजू अजून उघडी आहे. गणपतीत तुमच्याकडे ढोलांची रांग लागते, तेव्हा अनंत चतुर्दशी उरकली की घेऊन येतो. तेवढं एक कातडं बाजूला काढून ठेवा.

आपला,
कोथरूडचा डग्गेवाला