चौथ्या चरणानंतरची जागा

गुरुवार पेठ, पुणे
रविवार, रात्री

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

बँड आणि कॉयरसाठी तू बसवलेल्या दोन गीतांची पानं मिळाली, छापून झाली आणि आज उपासनेनंतर चर्चच्या हॉलमध्ये वाजूनही झाली. फोनवर तू "कसं वाटलं?" विचारशील आणि मी "छान" म्हणून मोकळा होईन. तेवढ्यावर हे सुटू नये म्हणून लगेच लिहायला बसलो आहे.

पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन, पियानो, गिटार, बेस, ड्रम्स असा भरलेला बिग बँड तुला तिकडे चेन्नईत कॉलेजात मिळतो. इथं आज कोण होतं सांगतो. लष्कराच्या बँडातून निवृत्त झालेले आपले ट्रॉम्बोनवाले काका, लग्नाच्या बँडात ट्रम्पेट वाजवणारे दोघे भाऊ, एक आल्टो सॅक्सोफोन, ड्रम्सवर कॉयरमधलाच एक मुलगा, पायपेटीवर मी आणि बावीस गळे. तरी पहिल्या ओळीला अंगावर काटा आला. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा हा अभंग मी पन्नास वर्षं वाजवतो आहे, पण त्यात एवढी माणसं मावतात हे मला माहीत नव्हतं.

आपण तो कायम पेटीच्या पांढरी दोन या पट्टीतून म्हणतो. तू काळी दोन धरलीस ते पाहून आधी मी नाराज झालो, अर्धा सूर वर गेला की म्हाताऱ्या माणसांचा गळा ताणेल म्हणून. मग कागद नीट पाहिले. पांढरी दोनला आल्टोवाल्याच्या पानावर पाच शार्प, म्हणजे चढवलेले सूर, पडतात आणि ट्रम्पेटच्या पानावर चार. काळी दोनला आल्टोला एकही नाही, ट्रम्पेटला फक्त एक फ्लॅट, म्हणजे उतरवलेला सूर. ते दोघे भाऊ कागद बघून हसले, "ही तर आमची घरची पट्टी" म्हणाले. कुणाचाही गळा ताणला नाही. हा निर्णय तुझा बरोबर होता.

आता जे मनाला लागलं ते लिहितो. तू चौथ्या चरणानंतरची जागा भरून टाकलीस.

शाळेत पाठ केलेलं आठव. 'सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया.' सहा, सहा, सहा आणि चार. मोठ्या अभंगाचा बांधाच असा आहे की तीन चरण सारखे चालतात आणि चौथा लवकर संपतो. आपल्या चालीत प्रत्येक चरणाला भजनी ठेक्याचं एक आवर्तन मिळतं, आठ मात्रांचं. चौथ्या चरणाची चार अक्षरं निम्म्या आवर्तनात संपतात आणि चार मात्रा मोकळ्या राहतात. तिथे मंडळी श्वास घेते, तिथे टाळ वाजतो. तुझे आजोबा नेमके तिथेच मान वर करून सगळ्यांकडे बघायचे. तू त्या चार मात्रांत टेनर आणि बेस या पुरुषांच्या आवाजांना 'आऽ' धरायला लावलं आहेस आणि त्याच वेळी पुढच्या कडव्याचे कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) सुरू केलेस. उलट पहिल्या तीन चरणांत, जिथे शब्द आहेत, तिथे सगळं ब्रास, म्हणजे ट्रम्पेट-ट्रॉम्बोन, बोलतं आहे.

तूच मला सांगितलं होतंस ना, बारा मात्रांच्या नव्हे, बारा बारच्या (बार म्हणजे चार मात्रांचा गट) ब्लूजमध्ये चार-चार बारच्या तीन ओळी असतात, प्रत्येक ओळीत गाणारा साधारण दोन बार गातो आणि उरलेल्या दोन बारांत वाद्य उत्तर देतं? मग हे तेच आहे, बाळा. अभंगानं उत्तराची जागा आधीच राखून ठेवली आहे. तीन चरण सॅक्सोफोननी नुसता मऊ आधार द्यावा, ट्रम्पेट गप्प बसावेत, आणि चौथा चरण संपताच त्या चार मात्रांत सगळ्या ब्रासनं मंडळीला उत्तर द्यावं. पहिल्या कडव्याला थोडकं, दुसऱ्याला मोठं, शेवटच्या कडव्याला पूर्ण ताकदीनं. आज तालमीत मी काकांना एकदा तसं करून पाहायला सांगितलं. त्यांनी फक्त तीन सूर वाजवले, पण मागे बसलेल्या बायका पुढचं कडवं न सांगता उचलून गायल्या.

ट्रॉम्बोन आणि आपले टेनर एकाच उंचीवर आहेत, हेही ध्यानात घे. चारच टेनर, त्यांना एकट्या काकांनी झाकून टाकलं. तुझ्याकडे तर चार ट्रॉम्बोन असणार. म्यूट (आवाज दाबणारी टोपी) लावून वाजवायला सांग, नाहीतर टेनर गातात तिथे त्यांना विश्रांती दे.

शब्दांचंही थोडं. स्विंगमध्ये, म्हणजे जॅझच्या झुलत्या लयीत, तू सूर मात्रेच्या आधी टाकतेस, ऐकायला गोड लागतं, पण 'कृपा'मधल्या 'कृ'वर तो सूर पडला आणि लांबला. पोरं 'क्रूऽपा' म्हणायला लागली. ऱ्हस्व अक्षरावर जोर आणि लांबी आली की मराठी शब्द मोडतो. इंग्रजी चालींवर भाषांतरं बसवताना मिशनच्या काळात हेच झालं होतं, आणि म्हणूनच टिळकांनी अभंग, ओवी, देशी चाली यांचा आग्रह धरला. त्यांचंच गीत त्याच खोड्यात अडकायला नको. सूर आधी यायचाच असेल तर 'पा'वर येऊ दे.

भैरवीच्या कोमल गंधाराखाली तू शुद्ध गंधाराचा कॉर्ड ठेवलास, दोन ठिकाणी. पहिल्या ठिकाणी तो ब्लूजसारखा झोंबतो आणि मला फार आवडला. दुसरा मात्र कडव्याच्या शेवटच्या ठहरावावर आहे, तिथे तो काढ. तिथे माणूस 'प्रभू' म्हणून थांबलेला असतो.

तालमीनंतर एक वयस्कर बाई माझ्याजवळ आल्या. हे वाद्य नाचाचं, ते वेदीसमोर कशाला, असं त्यांनी विचारलं. मी वाद घातला नाही, त्यांचा भक्तिभाव खरा आहे. पण घरी येताना पंचहौद चर्चच्या मनोऱ्यापाशी मी बराच वेळ थांबलो. अमेरिकन जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टननं १९६५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेस कॅथीड्रलमध्ये आपला बँड आणि कॉयर घेऊन पहिला पवित्र संगीताचा कार्यक्रम केला. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टनच्या बॅप्टिस्ट पाळकांच्या परिषदेनं त्याला पाठिंबा द्यायचं नाकारलं. तो थांबला नाही. १९६८ साली न्यूयॉर्कमध्ये दुसरा केला आणि १९७३ साली, मरणाच्या काही महिने आधी, लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत तिसरा. आपल्याकडेही तसंच. तुझ्या पणजोबांनी नगरला टिळकांचं भजन ऐकलेलं. ते सांगायचे, टाळ-मृदंग पाहून काही जण उठून गेले होते. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला हा माणूस म्हणायचा की तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो. त्या बाईंच्या घरी मी मंगळवारी जाणार आहे, पेटी घेऊन. त्यांना दुसरं कडवं फार आवडतं.

दुसऱ्या गीताबद्दल, त्या इंग्रजी चालीच्या, फारसं सांगायचं नाही. त्यात मुळात प्रत्येक मात्रेला कॉर्ड बदलतो, तू तो दोन-दोन बार एकच ठेवलास म्हणून बेस या वाद्याला चालायला वाट मिळाली. उत्तम. फक्त शेवटचं कडवं मंडळीसाठी ठेव. तिथे नवे कॉर्ड नकोत, जुनेच चार आवाज असू देत. लोक त्या चार आवाजांसह वाढले आहेत, बेस गाणारे तर चाल कधीच गात नाहीत, खालचा आवाजच त्यांचं गीत आहे.

टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर द्यायची हे अजून जमत नाही. तू आलीस की मुलांना घेऊन बस.

शनिवारी पुन्हा तालीम आहे. चौथ्या चरणाचं ब्रास सुधारून शुक्रवारपर्यंत पाठव. ट्रॉम्बोनचं पान मोठ्या अक्षरात छापता येईल असं कर, काकांना चष्म्यानंही बारीक दिसत नाही. आल्टोचं तिसरं पान या वेळी आलंच नव्हतं. आई विचारते आहे, सुटीचं तिकीट काढलंस का?

तुझा,
पप्पा