पॅकिंगच्या टेबलामागच्या मावशींना

मावशी, सप्रेम नमस्कार.

ऑनलाइन दुकान म्हटलं की लोकांना वेबसाइट दिसते, जाहिराती दिसतात, फोटो दिसतात. ही आमची, स्क्रीनसमोर बसणाऱ्यांची कामं, आणि त्यांचं कौतुक जरा जास्तच होतं. गिऱ्हाइकाच्या हातात पडतो तो तुम्ही बांधलेला खोका. आमच्याबद्दलचं त्याचं मत तो खोका उघडताना पक्कं होतं, आणि महिनाअखेरीस चार पैसे उरतात की नाही हेही बरंचसं तुमच्या टेबलावरच ठरतं. आभार मानायचे तर नेमक्या कशाबद्दल ते सांगून मानावेत, म्हणून जरा तपशिलात लिहितोय.

आधी खोक्यांची मापं. कुरियरवाले वजन दोन प्रकारे धरतात: एक काट्यावरचं आणि दुसरं आकारमानावरून काढलेलं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची, ५००० ने भागायचं, आणि दोन्हींत जे जास्त भरेल त्याचं बिल. (काही कंपन्या ४००० किंवा ६००० ने भागतात. दर ठरवण्याआधी हा आकडा विचारून घ्यावा, कारण नुसता दर स्वस्त दिसून उपयोग नसतो.) ४० बाय ३० बाय २० चा खोका म्हणजे ४.८ किलो, मग आत दीड किलोची वस्तू का असेना. तीच वस्तू ३० बाय २५ बाय १५ मध्ये बसली तर २.२५ किलो, म्हणजे निम्म्याहूनही कमी. रॅकवर प्रत्येक मालाच्या पट्टीवर खोक्याचा नंबर लिहून ठेवायची कल्पना तुमची. त्यामुळे काल कामाला लागलेला मुलगाही हाताला येईल तो खोका उचलत नाही.

फुगलेला खोका तुम्ही परत उघडायला लावता, त्यामागचा हिशोबही तोच. मोजणारं यंत्र सगळ्यात फुगीर जागा धरतं. २० ची उंची २२ झाली की ४.८ चे ५.२८ किलो होतात, आणि बिल पुढच्या अर्ध्या किलोला नेत असतील तर थेट साडेपाच. झाकण सपाट बसत नसेल तर खोका चुकलाय, टेप आवळून काही होत नाही, हे तुमचं म्हणणं आम्ही आता नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवतो.

पुठ्ठ्याबद्दल तर तुमच्याकडून शिकावं तेवढं थोडं. पन्हळी कागदाला काचेच्या बाटल्या आणि दिव्याच्या काचा गुंडाळायला म्हणून पेटंट मिळालं ते १८७१ साली, अमेरिकेत, अल्बर्ट जोन्स यांना. काच जपणं हे या पुठ्ठ्याचं तेव्हापासूनचं काम. तीन-प्लाय खोक्यात दोन सपाट कागदांमध्ये एक पन्हळ असते, पाच-प्लायमध्ये दोन. पन्हळी उभ्या राहिल्या की वरच्या थप्पीचा भार त्या पेलतात. तोच खोका आडवा ठेवला की दबतो. आणि ओल लागली की पुठ्ठ्याचा दम जातो. म्हणून खोक्यांचे गठ्ठे जमिनीवर न टेकवता फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवायचे, हा तुमचा नियम पाहुण्यांना उगाच कडक वाटतो.

काचसामान भरताना सहाही बाजूंना ५ सेंटिमीटर भरण हवं. घाईत होतं काय, वस्तू तळाला ठेवून वरूनच कागद कोंबला जातो. जड वस्तू वाटेतल्या धक्क्यांनी कागद दाबत खाली बसते आणि तळाच्या पुठ्ठ्याला टेकते. मग एक आपट पुरते. खोका कोपऱ्यावरही पडतो, त्यामुळे तुम्ही कोपरे आधी भरता, तेही कागद घट्ट चुरगाळून. सैल कागद दिसायला भरपूर दिसतो आणि पहिल्याच धक्क्याला बसतो. दोन वस्तू एकाच खोक्यात असतील तर दोन्ही वेगवेगळ्या गुंडाळायच्या, नाहीतर त्याच एकमेकींना फोडतात. शेवटी खोका बंद करून कानाशी हलवायचा. आत काही सरकलं की पुन्हा उघडायचा.

टेपचं थोडक्यात: ४८ मिलिमीटरची, मधल्या जोडावर आणि दोन्ही कडांवर, बाजूंवर ५ ते ७ सेंटिमीटर उतरलेली, आणि वरून तळव्याने दाबून. ही टेप दाबल्याशिवाय नीट धरत नाही, धुळीवर तर नाहीच. लेबल मोठ्या सपाट बाजूला, जोडावर किंवा कडेवर अजिबात नाही. त्यावर चकचकीत टेप नको, स्कॅनरला बारकोड वाचता येत नाही. थर्मल (उष्णतेने छापली जाणारी) लेबलं उन्हात काळी पडतात, त्यामुळे रोल खिडकीत ठेवायचे नाहीत. जुना खोका पुन्हा वापरला तर आधीचं लेबल खरवडून काढायचं, कारण स्कॅनरने जुना बारकोड उचलला की पार्सल भलत्याच गावाला जातं.

चुकीचा माल जाऊ नये म्हणून तुम्ही लावलेल्या दोन शिस्ती आम्हाला सगळ्यांत मोलाच्या वाटतात. एक म्हणजे एकाच कपड्याचे एम आणि एल शेजारशेजारच्या कप्प्यांत न ठेवणं. अगदी वेगळ्या दिसणाऱ्या वस्तू शेजारी ठेवल्या की चुकीची वस्तू हातात आल्याआल्या खटकते. दुसरी म्हणजे बांधून झालेला खोका काट्यावर ठेवणं. माल ८४० ग्रॅम, खोका ११०, भरण ३०, म्हणजे काट्यावर ९८० यायला हवेत. ७३० आले तर काहीतरी राहिलंय, उघडा. दहा सेकंदांचं काम. त्यासाठी प्रत्येक वस्तूचं वजन एकदा मोजून मालाच्या यादीत भरावं लागतं, तेवढं कंटाळवाणं काम मात्र कुणीतरी बसून करावंच लागतं.

स्टॉकच्या बाबतीत तुमच्या रोजच्या वीस कप्प्यांच्या मोजणीला तोड नाही. वर्षातून एकदा दुकान बंद ठेवून मोजलं तर फरक कधी पडला आणि कशाने, हे सापडत नाही. रोज थोडं मोजलं की माग ताजा असतो. एकच माल दोन ठिकाणी विकायला लावलेला असेल तर दोन्हीकडचे आकडे जुळायला काही मिनिटं जातात, आणि तेवढ्यात शेवटचा नग दोघांना विकला जातो. म्हणून शेवटचे दोन-तीन नग स्क्रीनवर दाखवायचेच नाहीत. नवी मागणी कधी टाकायची याचं गणित तुम्ही खडूने रॅकवर लिहिलंय: दिवसाला ६ नग खपतात, माल यायला १२ दिवस लागतात, म्हणजे ७२, अधिक ३० हाताशी. १०२ वर आलं की ऑर्डर. हंगामात खप वाढला की तो आकडा पुसून नवा लिहायचा, हे विसरलं की सगळं गणित फुकट.

आणि आता परतीचा माल. इथे आमचं तुमच्याशिवाय पानही हलत नाही.

विक्री १०० धरा. त्यात माल ५०, पॅकिंग ४, पाठवणी १२, पेमेंटची फी २, जाहिरात १५. उरले १७. पार्सल परत आलं की जातानाची पाठवणी, येतानाची पाठवणी, पॅकिंग, जाहिरात आणि फी मिळून ४५ गेले, म्हणजे अडीचहून जास्त विक्रींचा नफा एका परतीत. वस्तू पुन्हा विकण्याजोगी नसेल तर ते ५० ही गेले. जाहिरातीवर तासन्‌तास बैठका होतात आणि परतीच्या रॅककडे कुणी बघत नाही, हा या धंद्यातला मोठाच विनोद आहे.

परत आलेला नग तुम्ही तपासल्याशिवाय स्टॉकमध्ये चढवू देत नाही. चार कप्पे: जसाच्या तसा विकण्याजोगा, नव्याने पॅक करायचा, दुरुस्तीचा, बाद. पण खरी कमाल तुमच्या वहीची. गिऱ्हाईक यादीतून ‘आवडलं नाही’ निवडून मोकळं होतं. वस्तू बघून खरं कारण तुम्ही शेजारच्या रकान्यात लिहिता. सगळ्याच मापांत ‘लहान होतं’ येत असेल तर मापांचा तक्ता चुकलाय. फक्त एकाच मापात येत असेल तर त्या खेपेचं बेतणं बिघडलंय किंवा लेबलं उलटसुलट शिवली गेलीत. रंगाची तक्रार असेल तर फोटो पुन्हा काढायचा. बाहेरचा खोका धड आणि आतली वस्तू फुटलेली असेल तर आपलं भरण कमी पडलं. खोकाच चेपलेला असेल तर वाटेत घडलं, आणि भरपाई मागायची. त्यासाठी खोक्याच्या सहा बाजू, लेबल आणि आतलं भरण यांचे फोटो खोका फेकायच्या आधी लागतात. भरपाईचा अर्ज करायला ठरावीक दिवसच मिळतात, म्हणून फोटो त्याच दिवशी. तुमच्या या एका रकान्यावरून आम्ही मापांचे तक्ते बदलतो, फोटो बदलतो, माल बनवणाऱ्याशी बोलतो. कुठल्याही महागड्या सॉफ्टवेअरला हे दिसत नाही, कारण त्याला कापड हातात घेऊन शिवण उलटून बघता येत नाही.

मावशी, या सगळ्याबद्दल तुमचे मनापासून आभार. तुम्ही सांगितल्याप्रमाणे टेबल उंच करून घेतलंय, उभं राहिल्यावर कोपराच्या जरा खाली येईल इतकं, आणि पायाखाली रबरी चटई टाकलीय. परतीच्या रॅकला ‘कारण कळत नाही’ असा पाचवा कप्पा तुम्ही मागितला होतात, तोही बसवून झालाय. त्यातला माल दर शनिवारी आमच्यापैकी एकजण तुमच्या शेजारी उभा राहून तपासेल. कुणी टाळाटाळ केली तर सरळ नाव सांगा.

तुमचे,
स्क्रीनच्या बाजूचे आम्ही सगळे