काकाडू दाखवणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यास

नाशिक, गंगापूर रोड

प्रिय बाळा,

तुझं नाव मुद्दामच लिहीत नाही. फोनवर दोनदा आभार मानायला गेले, तर दोन्ही वेळा "बाई, लाजवू नका हो" म्हणून तू विषय बदललास. म्हणून आता जाहीरच लिहायला बसले आहे. इथे तुला मला मधेच थांबवता येणार नाही. शिवाय गुडघे गेले पण डोंगराची ओढ गेली नाही, अशा बऱ्याच जणी नाशकात आहेत. त्यांनाही हे कळलेलं बरं.

अंजनेरी, रामशेज, हरिहरच्या त्या उभ्या पायऱ्या, ब्रह्मगिरीची फेरी, हे सगळं मी कितीदा केलं याचा हिशेब नाही. शाळेच्या सहली मीच काढायचे, तुला आठवत असेल. दोन वर्षांपूर्वी डावा गुडघा बदलला आणि डॉक्टरांनी दगडधोंड्यांची वाट बंद केली. भाचीच्या बाळंतपणासाठी ऑस्ट्रेलियात, उत्तरेकडच्या डार्विनला जायचं ठरलं, तेव्हा नकाशा काढून पाहिला. डार्विनपासून काही तासांवर काकाडू राष्ट्रीय उद्यान. जवळजवळ २०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अख्ख्या नाशिक जिल्ह्यापेक्षा मोठं. इथल्या एका प्रवास कंपनीत चौकशी केली. तिथला मुलगा म्हणाला, "मावशी, मे ते ऑक्टोबरमध्येच जायचं असतं. पावसाळ्यात तिथे सगळं बंद. आणि या गुडघ्याने तिथे बघणार तरी काय?" मी फाइल बंद केली आणि बाळाच्या दुपट्यांची बॅग भरली.

मार्चमध्ये भाचीकडचा पंखा बंद पडला. "एक मराठी इलेक्ट्रिशियन आहे, त्यालाच बोलावते," ती म्हणाली. तू शिडीवर चढलास, खाली बघितलंस आणि हातातला पेचकस तसाच धरून म्हणालास, "बाई?" तुझा चेहरा मला पटकन ओळखू आला नाही. पण तू म्हणालास, "बाई, नववी ब. वाऱ्याचा बाण उलटा काढला होता." मग ओळखलं. मोसमी वाऱ्यांचा नकाशा काढायला मी तुला फळ्यापाशी बोलावलं होतं आणि तू जानेवारीच्या नकाशात जुलैचे बाण काढलेस. मी तुला पूर्ण तास उभं ठेवलं होतं. तुझ्या मनात त्याचा राग असेल असं वाटून गेलं. तुझ्या मनात तो नकाशा होता.

चहा पिताना तू सांगितलंस, ते मला वर्गात कधी इतकं नीट सांगता आलं नव्हतं. "बाई, तुम्ही म्हणायचात ना, हिवाळ्यात आशियातला वारा दक्षिणेला निघतो. तो विषुववृत्त ओलांडतो, डावीकडे वळतो आणि इथे पाऊस होऊन पडतो. मी १२ वर्षं तोच पाऊस बघतोय. आता काकाडूत पाणीच पाणी असेल. धबधबे बघायचे तर आताच." मी रस्ते बंद असल्याचं सांगितलं. तू म्हणालास, "धबधब्याचा रस्ता बंद आहे. आकाश बंद नाही."

वाचणाऱ्यांसाठी हे जरा उलगडून सांगते, कारण मलाही ते तुझ्याकडूनच समजलं. जिम जिम हा तिथला सगळ्यात मोठा धबधबा. आर्नहेम लँडच्या पठारावरून त्याचं पाणी सुमारे २०० मीटर खाली येतं. तिकडे जाणारा कच्चा रस्ता पावसाळ्यात पाण्याखाली असतो. पाणी ओसरून रस्ता खुला होईपर्यंत धार बारीक झालेली असते, आणि कोरड्या ऋतूच्या शेवटी तर कडा नुसताच ओला उरतो. म्हणजे चालत जाणाऱ्याला भरलेला धबधबा दिसत नाही. तो दिसतो छोट्या विमानातून, आणि तोही ऐन पावसाळ्यात. आयुष्यभर चालून डोंगर बघितलेल्या बाईला हे पचायला वेळ लागला. जिथे धडधाकट पायांनाही जाता येत नाही, तिथे माझा गुडघा आडवा येणार नव्हता.

तू दोन दिवसांची रजा काढलीस. पहाटे पाचला गाडी आणलीस, आणि मागच्या सीटवर ते निळं प्लॅस्टिकचं स्टूल होतं. मला वाटलं, कुणाचं तरी द्यायचं असेल. डार्विन ते उद्यानातलं कुइंडा, ३०० किलोमीटर ते खडखडत होतं आणि मी काही विचारलं नाही. रस्त्याच्या दुतर्फा माणसापेक्षा उंच भालागवत, मधे मधे वाळव्यांची वारुळं, देवळाच्या शिखरासारखी चढत गेलेली. जबिरू गावात मगरीच्या आकाराचं हॉटेल दाखवलंस, ते बघून भाची हसत सुटली.

वाटेत तू तिथल्या ऋतूंचं सांगत होतास. त्या भूमीचे मूळ मालक बिनिंज आणि मुंगुय लोक. उद्यानाचा कारभार सरकारच्या जोडीने त्यांच्याकडेही आहे. ते वर्षाचे सहा ऋतू मानतात. सहा म्हटल्यावर माझे कान टवकारले. आपलेही सहाच की! पण त्यांचे सहा वेगळे. गुड्जेवग म्हणजे भरपावसाळा, आम्ही गेलो तेव्हा तोच संपत आला होता. मग बंगेरेंग, तेव्हाची वादळं ते उंच गवत आडवं करतात. आपल्या हस्ताच्या गडगडाटी पावसासारखंच, मोसम परतताना सोडून जातो तसं. मग येग्गे, वुर्गेंग आणि गुर्रुंग, धुक्यापासून थंडीपर्यंत आणि थंडीपासून काहिलीपर्यंत. शेवटी गुनुमेलेंग, आपला वळीव. तू हे पाठ केल्यासारखं नाही, आपल्या आजीचं सांगावं तसं सांगत होतास. नववीत असं बोलला असतास तर पहिला आला असतास.

त्या दिवशी दुपारी बुरुंगकुयच्या शैलचित्रांपाशी नेलंस. काठी टेकत टेकत मी हळूहळू गेले आणि तू माझ्याहून हळू चाललास. मागून आलेले लोक पुढे गेले, तरी तू एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाहीस. खडकावर नामारगोन होता, विजेचा पुरुष. डोक्यावरून खाली वळलेली वीज, आणि गुडघ्यांना, कोपरांना दगडी कुऱ्हाडी. त्या ढगांवर आपटून तो गडगडाट करतो. मी त्या गुडघ्यांकडे बराच वेळ बघत राहिले. उद्यानाच्या प्रदेशातल्या माडजेदबेबे या कपारीत सुमारे ६५,००० वर्षांपूर्वीच्या मानवी वस्तीच्या खुणा मिळाल्याचं संशोधकांनी २०१७ मध्ये मांडलं. पांडवलेणी बघत वाढलेल्या माणसाला दोन हजार वर्षं म्हणजेच फार वाटतात. तिथे मी गप्प झाले आणि तूही मला बोलतं करायला गेला नाहीस.

आता ज्यासाठी तुझे आभार मानताना माझा हात थरथरतो ते लिहिते. संध्याकाळी कुइंडाला मुक्कामाच्या जागेजवळ पाणी दिसलं. शांत, काठाला कमळाची पानं. गोदेच्या काठी वाढलेली मी, पाणी दिसलं की पाय धुवायचे, डोळ्यांना लावायचं, ही सवय हाडात मुरलेली. चपला काढल्या आणि चालू लागले. पाटी होती, पण ती वाचायचंही सुचलं नाही. मागून तुझा आवाज आला, "बाई, मागे व्हा! आत्ता!" शाळेत असताना तू माझ्याशी चढ्या आवाजात कधी बोलला नव्हतास. मी जागच्या जागी थबकले. तू धावत आलास आणि दंडाला धरून मला मागे ओढलंस. हात एवढा घट्ट होता की दुसऱ्या दिवशी बोटांचे वळ दिसत होते. त्या वळांवरून हात फिरवला तेव्हा कळलं, तू किती घाबरला होतास.

मग तू खाली बसून सगळं समजावलंस. खाऱ्या पाण्यातली मगर नाव खारी असलं तरी गोड्या पाण्यातही राहते. बराच वेळ पाण्याखाली निश्चल पडून राहते, वर एक बुडबुडासुद्धा दिसत नाही. एकाच जागी माणूस पुन्हा पुन्हा आला की लक्षात ठेवते. म्हणून काठापासून निदान ५ मीटर लांब राहायचं, आणि पाणी जितकं शांत तितकं जास्त. दुसऱ्या दिवशी पहाटे यलो वॉटर या तिथल्या पाणथळीवर नावेतून फिरताना तशाच शांत काठाशी ती दिसली. आधी ओंडका वाटला. मग ओंडक्याला डोळा आला. मी तुझा हात धरला होता, तुला आठवतंय का माहीत नाही.

त्या फेरीतलं बाकीचं सुख मात्र निखळ होतं. आपलंच कमळ, तेच गुलाबी, तिथे आपोआप उगवलेलं. पानांवरून चालणारा कमळपक्षी, आपल्या नांदूर मधमेश्वरच्या पाखराचा भाऊबंद, डोक्यावर लाल तुरा मिरवणारा. आणि लांब पायांचा जबिरू, म्हणजे काळ्या मानेचा करकोचा, जो भारतातही आहे. परदेशात आल्यासारखं वाटेना.

आणि मग विमान. छोटं सेसना, पंख वरच्या बाजूला, त्यामुळे खाली बघायला काही आड येत नाही. उडण्याआधी प्रत्येकाला पिशवीसकट वजनकाट्यावर उभं करतात, कारण कुणी कुठे बसायचं ते वजनावर ठरतं. चार अनोळखी माणसांपुढे वजन करायचं म्हणून मी मागे मागे सरत होते. तू पुढे झालास, काट्यावर उभा राहिलास आणि मोठ्याने वाचलंस, "९२! लिहा." मग मी निमूट उभी राहिले. एवढं बारीक लक्ष कुठून आलं तुझ्याकडे?

विमानाची पायरी उंच होती. माझा गुडघा तेवढा उचलत नाही. तेव्हा तू गाडीकडे गेलास आणि ते निळं स्टूल घेऊन आलास. माझ्या पायासमोर ठेवलंस, एका हाताने स्टूल धरलंस, दुसरा हात मला दिलास. म्हणालास, "आधी उजवा, बाई." पंखा दुरुस्त करताना मला सोफ्यावरून उठताना बघितलं होतंस, आणि तेवढ्यावरून तू ३०० किलोमीटरवरच्या एका पायरीचा विचार केला होतास.

पुढचा अर्धा तास मला शब्दांत नीट मांडता येणार नाही, तरी प्रयत्न करते. आधी पाणथळ माळ, त्यावर ढगांच्या सावल्या. मग एकदम कडा. शेकडो किलोमीटर पसरलेली ती वालुकाश्माची भिंत. सुमारे १४ कोटी वर्षांपूर्वी समुद्र तिच्या पायथ्याशी होता, आणि खडक तर दीड अब्ज वर्षांहून जुना. आपला सह्याद्री त्याच्यापुढे साडेसहा कोटी वर्षांचं पोर. वर पठार सपाट, पण भेगाभेगांनी चिरलेलं, आणि प्रत्येक भेगेतून पाणी चमकत होतं. एक नदी त्या भेगांमधून निवांत येत होती, पुढे काय आहे हे माहीत नसल्यासारखी. कड्याशी आली आणि संपली. खाली नुसता पांढरा धूर. वैमानिक मुलीने विमान कलतं केलं, एक फेरी डावीकडून, एक उजवीकडून, म्हणजे दोन्ही बाजूंच्या प्रवाशांना दिसावं. तिचेही मनापासून आभार. पाऊस दूरवर एका पट्ट्यात उभा होता, वायव्येकडून येत होता. माझ्या फळ्यावरच्या बाणाच्या दिशेने. ३१ वर्षं खडूने काढलेला बाण मी पहिल्यांदा खरा पाहिला.

मी तुला काही सांगायला मागे वळले. तू डोळे मिटून बसला होतास, कपाळावर घाम, हातात कागदी पिशवी. मला वाटलं, प्रार्थना करतोयस. उतरल्यावर तुझा चेहरा पांढराफटक होता, पाय लटपटत होते, तरी तू आधी उतरलास, स्टूल ठेवलंस आणि म्हणालास, "डावा आधी." नंतर भाचीने सांगितलं की छोट्या विमानात तुला कायमच त्रास होतो, तुला ते आधीपासून माहीत होतं, आणि तिने "तू खालीच थांब" म्हटल्यावर तू म्हणाला होतास, "बाईंना उतरवायला कोण?" तू त्या अर्ध्या तासात एकही धबधबा पाहिला नाहीस.

हे मला आजही बोचतं, म्हणून तुझ्यासाठी मी एक काम केलं आहे. मोठा कागद घेतला आणि जे पाहिलं ते सगळं काढलं. कडा, भेगा, जिम जिम, त्याच्या शेजारचा ट्विन फॉल्स, पावसाचा पट्टा. भूगोलाच्या बाईचा हात आहे, प्रमाण चुकलेलं नाही. वाऱ्याचे बाणही काढले आहेत, जानेवारीचे. या आठवड्यात पोस्टाने पाठवते.

आणखी एक. ते निळं स्टूल भाचीच्या बाथरूममध्ये राहून गेलंय. ती म्हणते, बाळाला अंघोळ घालताना बसायला फार सोयीचं आहे, परत देणार नाही. तुला दुसरं घ्यावं लागेल. त्याचे पैसे मी देणार आणि ते तू घ्यायचेस. हे बाई सांगताहेत.

घरी आईला माझा नमस्कार सांग. दिवाळीला नाशकात आलास की आधी इकडे ये.

तुझी,
बाई