आई-बाबा, ऑपरेशन पितृपक्षातच होईल

नेरूळ, शुक्रवार

ती. आई-बाबांना सा. न.

बाबांची बायपास येत्या गुरुवारी करायची, असं मी आणि दादाने ठरवलंय. पितृपक्ष असेल हे माहीत असूनच. अडथळा डाव्या मुख्य धमनीत आहे. ती बंद पडली तर हृदयाच्या मोठ्या भागाचं रक्त एकदम थांबतं. सर्जन आठवड्याच्या आत करा म्हणतायत आणि घटस्थापना दोन आठवड्यांवर आहे. तेवढं थांबायची माझी हिंमत नाही.

आई, महालय राहील म्हणून जीवाला लावून घेऊ नकोस. सूर्य वृश्चिकेत जाईपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत तो करता येतो, हे आपलं पंचांगच सांगतं. आजोबांचं पान दादा वाढेल. खीर, वडे, सगळं साग्रसंगीत.

आता पत्रिकेचं. पत्रिका बघून ऑपरेशनचा वार ठरवा, असं गुरुजी आपुलकीने बोलले, त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण बाबा, तुम्ही वागळे इस्टेटच्या कारखान्यात तीस वर्षं मापात बसल्याशिवाय एक जॉब, एक सुटा भाग पास केला नाहीत. तीच कसोटी इथे लावून बघा. जयंत नारळीकरांनी 2008 साली पुण्यात ती लावली होती. दोनशे मुलांच्या पत्रिका जमवल्या, निम्म्या हुशार मुलांच्या, निम्म्या मतिमंद मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या चाळीस दिल्या आणि कोणती कुणाची ते सांगायला सांगितलं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी 46 टक्के बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती. एवढा ढोबळ फरक ज्या पत्रिकेत दिसत नाही, तिच्यावरून मी बाबांच्या ऑपरेशनचा वार कसा ठरवू?

बाबांसाठी दुसऱ्याकडून सव्वा लाख जप करवून घ्यायचं तुम्ही म्हणालात, त्याबद्दल लिहिताना हात अडखळतोय, कारण ते तुम्ही प्रेमापोटी बोललायत. पण यावरही चाचणी झालीय, आणि नेमकी बायपासच्याच रुग्णांवर. अमेरिकेतली सहा इस्पितळं, 1802 रुग्ण, निकाल 2006 साली. एका गटासाठी अनोळखी भक्तांनी ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून चौदा दिवस प्रार्थना केली, एका गटासाठी नाही, आणि या दोन्ही गटांना आपण कशात आहोत ते ठाऊक नव्हतं. महिन्याभरात काही ना काही गुंतागुंत झालेले पहिल्या गटात 52 टक्के, दुसऱ्यात 51. तिसऱ्या गटाला ‘तुमच्यासाठी प्रार्थना नक्की होतेय’ असं सांगितलं होतं, त्यांच्यात 59 टक्के. ते का, हे संशोधकांनाही ठामपणे सांगता आलं नाही. म्हणून त्यावरून मी काही सिद्ध करत नाही. प्रार्थनेने फायदा दिसला नाही, एवढंच.

नानाकाका म्हणतील, देवाची परीक्षा घेत नसतात. मान्य. देव आहे की नाही, हे या आकड्यांनी ठरत नाहीच. पण मग नवस फळला असंही म्हणता येत नाही, कारण फळलेले नवस मोजायचे आणि न फळलेले देवाच्या मर्जीवर सोडायचे, याला मोजणं म्हणत नाहीत. माझ्यापुरता हिशोब असा: जी श्रद्धा रक्ताबद्दल, तारखेबद्दल, आजाराबद्दल काही सांगते, तिने पुरावा द्यावा. रामरक्षा असं काही सांगतच नाही, तिला पुराव्याने काय धक्का लागणार? लहानपणी मला ताप आला की बाबा उशाशी बसून ती म्हणायचे आणि आई, तू घड्याळ बघून गोळी द्यायचीस. त्या घरात दोन्हींचं कधी भांडण झालं नाही.

म्हणून जप दुसऱ्याकडून करवून घेण्याऐवजी बाबांनी स्वतः करावा. 2001 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटा अभ्यास आला होता, तेवीस निरोगी माणसांवरचा. ‘ओम मणि पद्मे हुम्’ किंवा ख्रिस्ती जपमाळ म्हणताना श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो, आणि रक्तदाबाप्रमाणे नाडी सावरण्याची शरीराची क्षमता वाढते. रोज संध्याकाळी सावकाश जप करा, बाबा. तीन चेंडूंचं श्वास आत ओढायचं यंत्रही आजपासूनच सुरू करा. भुलीनंतर फुप्फुसाचा खालचा भाग मिटून राहिला की तिथे कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो.

आता ऐका, आणि यात सूट नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे रक्त पातळ ठेवणारी क्लोपिडोग्रेल उद्यापासून बंद, नाहीतर रक्तस्राव आवरत नाही. साखरेची गोळी डापाग्लिफ्लोझिन सोमवारपासून बंद; उपाशीपोटी ती घेतली तर साखर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात आम्ल वाढू शकतं. ॲस्पिरिन चालू ठेवायची. बुधवारी रात्री सांगितलेल्या वेळेनंतर तोंडात काही नाही. आई, पंचामृताचा एक चमचाही नाही! त्यात दूध, दही, तूप आहे, म्हणजे ते खाणंच झालं. भुलीत पोटातलं उलटून फुप्फुसात जाऊ शकतं. पोवळ्याची अंगठी साबण लावून आधीच काढा, ऑपरेशननंतर बोटं सुजतात आणि मग ती कापावी लागते. मनगटावरचा गंडाही काढा, तिथल्या धमनीत रक्तदाब बघायची नळी घालतात. काढलेला गंडा देव्हाऱ्यात ठेवा, फेकायला मी सांगत नाहीये. कोपिनेश्वराचा अंगारा कपाळाला खुशाल लावा, टाक्यांजवळ मात्र अंगारा नको आणि हळदही नको.

इस्पितळातून थेट माझ्याकडे यायचं. नौपाड्याचे तीन जिने सध्या नकोत, इथे लिफ्ट आहे. बाबांची खोली पूर्वेची, खिडकीतून सकाळचं ऊन येतं, संडास खोलीला लागून, कमोडचा. आलं घातलेला चहा सहा वाजता मिळेल, बिनसाखरेचा. आई, देव्हारा बरोबर आण, बाळकृष्णासकट. पूजेला तुझी चौरंगाची जागा केली आहे. बाबांनी मात्र पूजेला खुर्चीत बसायचं. छातीचं हाड तारांनी बांधलेलं असतं, ते जुळायला तीन महिने लागतात. तोवर साष्टांग नमस्कार नाही, हातावर जोर देऊन उठणं नाही, पाण्याची भरलेली कळशी उचलणं नाही. खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची. संकष्टीचा उपास डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद.

दादा बुधवारी सकाळी गाडी घेऊन येईल. अँजिओग्राफीची सीडी, जुने ईसीजी आणि सगळ्या गोळ्या पाकिटांसकट एका पिशवीत भरून ठेवा. आई, तुझ्या बीपीच्या गोळ्या वेगळ्या ठेव. त्या बाबांच्या पिशवीत जाऊ देऊ नकोस.

तुमची,
मनू