पाठ दाबायला हात हवेत

मा. संपादक,
स. न.

'वेदनारहित प्रसूती'चा विषय निघाला की गाडी पाठीतल्या इंजेक्शनवर येऊन थांबते. मी बरीच वर्षं लेबर रूममध्ये सिस्टर होते. त्या इंजेक्शनाला माझा विरोध नाही. जिला हवं तिला ते मिळायलाच हवं. 'बाईच्या जातीनं सोसायचं असतं' म्हणणाऱ्यांचा मला अजून राग येतो. पण औषधाविना कळा सुसह्य करणाऱ्या हातांबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

बाळाच्या डोक्याची मागची बाजू आईच्या पाठीकडे असली की पोटापेक्षा कंबरच जास्त फुटते. अशा वेळी माकडहाडाच्या थोडं वरच्या बाजूला, तळहाताचा मनगटाजवळचा भाग रोवून, कळ ओसरेपर्यंत दाबून धरायचं. नुसतं कुरवाळून भागत नाही, अंगातलं बळ लावावं लागतं. "सिस्टर, हात काढू नका," असं बाई स्वतःच म्हणते. स्पर्शाच्या आणि दाबाच्या संवेदना मज्जारज्जूतच वेदनेची वाट अडवतात, असा सिद्धांत मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडला. ठेच लागली की आपण बोट चोळतो, तसंच हे. शेकाची पिशवी, चालणं-फिरणं, पलंगाला धरून पुढे झुकणं, लांब श्वास सोडणं, यांतलं काहीच महाग नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या सूचनांतही मालिश, शेक, श्वसन आणि बाईच्या पसंतीची सोबत आहे.

मग होत का नाही? कळा भरात आल्या की दर दोन-तीन मिनिटांनी एक, आणि ती मिनिटभर टिकते. एका सिस्टरकडे अशा तिघी असल्या तर हात कुणाच्या पाठीवर ठेवायचा? आमच्या केसपेपरवर इंजेक्शन किती वाजता दिलं याला रकाना होता. पाऊण तास पाठ दाबली, ते लिहायला जागाच नव्हती. त्यामुळे ड्यूट्या लावताना ते काम कुणी धरायचंही नाही.

तो रकाना आधी करा आणि त्याप्रमाणे माणसं द्या. तोवर निदान सोबतीच्या माणसाला बाहेरच्या बाकावर बसवू नका. कुठे आणि किती दाबायचं, हे दोन मिनिटांत शिकवता येतं. मी कित्येक आयांना, बहिणींना शिकवलं. एकदा एका नवऱ्यालाही. घाबरला होता बिचारा, पण त्याचे हात माझ्यापेक्षा जास्त वेळ टिकले.

आपली,
एक निवृत्त परिचारिका