टीव्ही चालू राहणार की बंद होणार: आई-बाबांना पत्र

पुणे,
रविवार, सकाळ

तीर्थरूप बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

इंटरनेट आणि टीव्ही एकाच तारेतून देणाऱ्या तुमच्या ब्रॉडबँडच्या वार्षिक पॅकची मुदत संपत आली आहे, कंपनीचा माणूस पुढच्या वर्षाचे पैसे मागायला येऊन गेला आणि जाता जाता ‘टीव्हीचं काही नक्की नाही, वरून अजून कळलेलं नाही’ असे सांगून गेला, हे बाबांनी परवा नाशिकहून फोनवर सांगितले. ग्राहक सेवा केंद्रातून आधी ‘सेवा सुरूच राहील’ आणि नंतर ‘बदल झाल्यास कळवू’ अशी दोन वेगळी उत्तरे मिळाल्यापासून बाबा अस्वस्थ आहेत, आणि आईला आपल्या संध्याकाळच्या मालिकांची काळजी लागली आहे. फोनवर पैशांचा प्रश्न आणि मालिकांचा प्रश्न एकमेकांत गुंततात आणि दोन्ही अर्धवट राहतात, म्हणून सगळे सविस्तर लिहून काढते आहे.

माझे मत आधीच सांगून टाकते: वर्षाचे पैसे आत्ता एकरकमी भरू नका. इंटरनेट आहे तसेच चालू ठेवा, पण ते महिन्याच्या किंवा फार तर तीन महिन्यांच्या पॅकवर घ्या, आणि टीव्हीची सोय इंटरनेटपासून वेगळी करण्याची तयारी आतापासून ठेवा. वार्षिक पॅकमध्ये मिळणाऱ्या सवलतीवर बाबांची नजर आहे हे मला ठाऊक आहे, आणि ती सवलत खरीही आहे. परंतु जी सेवा वर्षभर राहील असे कंपनी स्वतः लिहून द्यायला तयार नाही, तिचे वर्षभराचे पैसे आगाऊ देण्यात आपण कंपनीची जोखीम फुकट स्वतःच्या डोक्यावर घेतो, असे मला वाटते.

पैसे मागायला येणाऱ्या त्या मुलावर मात्र रागावू नका. त्याला खरोखरच माहीत नसावे. छोट्या ब्रॉडबँड कंपन्यांपैकी अनेकांची टीव्ही सेवा पूर्णपणे त्यांची स्वतःची नसते. चॅनेल गोळा करणे, पैसे न भरणाऱ्याला दिसू नयेत म्हणून ती सांकेतिक करणे, बॉक्समधली यंत्रणा चालवणे ही कामे दुसऱ्या एखाद्या कंपनीशी करार करून घेतलेली असतात. त्या करारात काय ठरते आहे हे गल्लीतल्या माणसापर्यंत सर्वांत शेवटी पोहोचते. ग्राहक सेवा केंद्रातली मुलेही समोरच्या पडद्यावर जे लिहिलेले असते तेवढेच वाचून दाखवतात, त्यामुळे तिथे पुन्हापुन्हा फोन करून वेगळे काही हाती लागणार नाही.

कंपनीला टीव्ही का नकोसा झाला असेल, याचा हिशेब बाबांना आवडेल. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जी दरपद्धत लागू केली, तिच्यात सशुल्क चॅनेलची ग्राहकासाठीची किंमत चॅनेलवाले ठरवतात आणि ते घरापर्यंत पोहोचवणाऱ्याला त्या किमतीच्या किमान २० टक्के वाटा मिळतो. त्यावर आणखी जास्तीत जास्त १५ टक्क्यांपर्यंत सूट चॅनेलवाले देऊ शकतात. म्हणजे १९ रुपयांच्या चॅनेलमागे खात्रीचे ३ रुपये ८० पैसे. याच्या जोडीला चॅनेलच्या संख्येनुसार दरमहा आकारायचे जोडणी शुल्क असते. एवढ्या पैशांतून बॉक्स, यंत्रणा, दुरुस्तीची माणसे आणि तक्रारींचे फोन हे सगळे सांभाळायचे, तर ग्राहक लाखांत हवेत; काही हजार घरांसाठी हा व्यवहार जमत नाही. इंटरनेटचे तसे नाही, कारण एकदा घरापर्यंत फायबर आली की त्यातून काय पाहायचे याचे पैसे कंपनीला कोणाला द्यावे लागत नाहीत. त्यातच आता बहुतेक नव्या टीव्हींमध्ये ॲप चालतात, मग टीव्हीची कटकट आपण कशाला वागवायची, असा विचार कंपनीच्या मनात आला असेल तर नवल नाही.

असे इतरत्रही झालेले आहे. अमेरिकेत गूगल फायबरने २०१२ साली कॅन्सस सिटीत इंटरनेटबरोबर टीव्हीही देऊन सुरुवात केली होती, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये नव्या ग्राहकांना टीव्ही देणे बंद केले. जुन्या ग्राहकांचा टीव्ही त्या दिवशी बंद पडला नाही. पण दार आतून लावले गेले होते. आपल्याकडे मात्र चित्र अगदी एकाच दिशेचे नाही. बीएसएनएलने ऑक्टोबर २०२४ मध्ये फायबरवरून टीव्ही देणारी नवी सेवा जाहीर केली आणि एअरटेलनेही मार्च २०२५ मध्ये अशीच सेवा देशातल्या अनेक शहरांत आणली. तेव्हा इंटरनेटच्या तारेतून येणारा टीव्ही हा प्रकार संपत चालला आहे, असे म्हणता येणार नाही. मोठ्यांना तो परवडू लागला आहे आणि छोट्यांना तो परवडेनासा होतो आहे, एवढेच माझ्या लक्षात येते. आणि तुमची कंपनी छोट्यांपैकी आहे.

कंपनी तोंडाने काही बोलत नसली, तरी तिच्या वागण्यातून अंदाज येतो. तुमच्याच इमारतीत नवीन जोडणी घेणाऱ्याला टीव्हीचा बॉक्स देतात का, ते विचारून पाहा. नव्या दरपत्रकात टीव्हीसह असलेला वार्षिक पॅक अजून छापलेला आहे की फक्त इंटरनेटचेच पॅक उरले आहेत, तेही पाहा. मधल्या काळात काही चॅनेल गेली असतील आणि त्यांच्या जागी दुसरी आली नसतील, किंवा बिघडलेला बॉक्स बदलून देण्याऐवजी ‘मोबाइलवर ॲप घ्या’ असे सांगितले जात असेल, तर उत्तर मिळाल्यासारखेच आहे. शेजारच्या काकूंचा बॉक्स महिनाभर दुरुस्त होऊन आलेला नाही असे आई म्हणत होती, ते मला या दृष्टीने फारसे चांगले लक्षण वाटत नाही.

बाबा, असे बदल आपल्या घराने याआधीही पाहिले आहेत. केबल डिजिटल करण्याच्या दुसऱ्या टप्प्यात नाशिकचे नाव होते आणि ३१ मार्च २०१३ ही मुदत होती. तेव्हा बॉक्स घेतला नाही तर पडदा काळा होईल म्हणून सगळी कॉलनी केबलवाल्याच्या मागे लागली होती. पुढे फेब्रुवारी २०१९ मध्ये चॅनेल निवडून द्यायची वेळ आली, तेव्हा तुम्ही कागदावर रकाने आखून यादी केली होती आणि १०० चॅनेलपर्यंतचे महिन्याचे जोडणी शुल्क करासह १५३ रुपये ४० पैसे कसे होते, हे येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगत होता. तेव्हा निदान नियम काय आहे आणि तारीख कोणती आहे, हे सरकारने सांगितले होते. या वेळी तारीखच नाही, आणि तुम्हाला त्रास होतो आहे तो त्याचाच, असे मला वाटते. म्हणून तारीख आपण ठरवू: चालू पॅकची मुदत संपेपर्यंत कंपनीने लेखी काही कळवले नाही, तर टीव्ही वेगळा करायचा.

वेगळा म्हणजे कसा, ते आता सांगते. आईसाठी पाहायचे तर डीटीएच, म्हणजे छत्री लावून उपग्रहावरून थेट घरात येणारा टीव्ही, हाच मार्ग मला सर्वांत सरळ दिसतो, कारण तिला रिमोटवर नंबर दाबला की चॅनेल लागायला हवे, आणि ही अपेक्षा मला अजिबात जुनाट वाटत नाही. मालिका ॲपवरही मिळतात. झी मराठीच्या झी-फाइव्हवर, तर स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या जिओहॉटस्टारवर. पण एका मालिकेसाठी एक ॲप, दुसरीसाठी दुसरे, त्यांची वेगवेगळी वर्गणी आणि मध्येच पासवर्ड मागणारा पडदा, हे रोज संध्याकाळी आईने का सहन करावे? ॲप हा बाहेरगावी असताना किंवा भाग चुकला तर उपयोगी पडणारा दुसरा मार्ग म्हणून ठेवावा. डीटीएच घेताना मात्र जोडणी शुल्क किती आणि त्यात किती चॅनेल, हे प्रत्येक कंपनीला वेगवेगळे विचारा, कारण या शुल्कावरची १३० रुपयांची कमाल मर्यादा ट्रायने २०२४ मध्ये काढून टाकली आहे आणि जुना आकडा धरून तुलना केली तर फसगत होईल. फार मोठे पॅक घेऊ नका. तुम्ही दोघे मिळून जी चॅनेल खरोखर पाहता, ती एका हाताच्या बोटांवर मोजता येतील.

बाबांच्या सह्याद्रीवरच्या बातम्यांसाठी तर पैसे देण्याचीही गरज नाही. दूरदर्शनची फ्री डिश ही सेवा डिसेंबर २००४ पासून सुरू आहे. छत्री आणि बॉक्स यांचा एकदाच खर्च, त्यानंतर महिन्याचे शुल्क नाही. तिच्यावरची खासगी चॅनेल लिलावानुसार बदलत राहतात आणि आईच्या मालिकांची सशुल्क चॅनेल तिथे मिळणार नाहीत, म्हणून एकट्या फ्री डिशने आपले काम भागणार नाही. प्रसार भारतीचे वेव्हज नावाचे ॲप नोव्हेंबर २०२४ मध्ये आले आहे, त्यावरही दूरदर्शनच्या वाहिन्या दिसतात. ते बाबांच्या मोबाइलमध्ये घालून ठेवले तर पुरे.

वेगळे करण्याचा आणखी एक फायदा सध्याच्या नाशिकमध्ये तुम्हाला वेगळा सांगायला नको. सिंहस्थाच्या कामांसाठी जागोजागी रस्ते खोदलेले आहेत, जेसीबीचा दात लागून फायबर तुटते, आणि मग इंटरनेट आणि टीव्ही दोन्ही एकदमच जातात. जोराच्या पावसात डीटीएचचे चित्रही थोडा वेळ जाते, हे खरे आहे; पण पाऊस ओसरला की ते आपोआप परत येते, त्यासाठी कोणाला फोन करावा लागत नाही.

आता कागदपत्रांचे. मुद्रणालयातल्या नोकरीमुळे प्रत्येक पावती फाइलला लावायची बाबांची सवय आहे, ती इथे उपयोगी पडेल. जोडणी घेताना टीव्हीच्या बॉक्ससाठी जे पैसे दिले, ती अनामत होती की बॉक्सची किंमत, हे पावतीवर पाहा. अनामत असेल तर बॉक्स परत करून ती मागता येईल, आणि परत करताना बॉक्सचा क्रमांक लिहिलेली पोच घेतल्याशिवाय तो हातातून सोडू नका. किंमत भरलेली असेल, तरी तो बॉक्स दुसऱ्या कंपनीच्या जोडणीवर चालणार नाही, कारण तो याच कंपनीच्या यंत्रणेला बांधलेला असतो. तेव्हा त्याच्या मोहात पडून निर्णय लांबवू नका. कंपनीला पाठवायचा ईमेल मी तयार केला आहे. टीव्ही सेवा कोणत्या तारखेपर्यंत नक्की राहील, मध्येच बंद झाली तर उरलेल्या मुदतीचे पैसे कसे परत मिळतील आणि टीव्ही वगळून फक्त इंटरनेटचा दर काय पडेल, एवढेच त्यात विचारले आहे. उत्तर आले नाही किंवा पैसे अडकले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही, म्हणून तिकडे अर्ज करण्यात बाबांनी वेळ घालवू नये.

आणि एक गोष्ट आग्रहाने सांगते. अशा अनिश्चित काळात ‘तुमचा टीव्ही आज रात्री बंद होणार आहे, चालू ठेवण्यासाठी खालील लिंक दाबा’ असे संदेश आणि फोन येऊ लागतात. कंपनीचे नाव, तुमचे नाव, अगदी पॅकची तारीख जरी बरोबर सांगितली, तरी लिंक उघडायची नाही, ओटीपी सांगायचा नाही आणि समोरचा सांगेल ते ॲप मोबाइलमध्ये घालायचे नाही. टीव्ही एक रात्र बंद राहिला तर काही बिघडत नाही. कधी चुकून पैसे गेलेच, तर मला फोन करण्याच्याही आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर करा, कारण तिथे जितक्या लवकर कळवावे तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त असते.

ईमेल मी उद्या बाबांच्या पत्त्यावर पाठवते. तो त्यांच्याच नावाने पुढे गेला पाहिजे, कारण जोडणी त्यांच्या नावावर आहे. उत्तर काहीही आले तरी त्याची एक प्रत छापून फाइलला लावा.

तुमची,
धाकटी

ता. क. डीटीएचची किंवा फ्री डिशची छत्री नाशिकमध्ये साधारण आग्नेय ते दक्षिणेच्या बाजूला तोंड करून बसवावी लागते आणि त्या बाजूचे आकाश मोकळे लागते. आपली गॅलरी पश्चिमेला असल्यामुळे ती गच्चीवरच लावावी लागेल. सोसायटीच्या सचिवांकडे आधी दोन ओळींचा अर्ज द्या. गेल्या वर्षी वरच्या मजल्यावरच्यांनी न विचारता भिंतीला भोक पाडले, त्यावरून झालेला वाद अजून मिटलेला नाही.